मोतीबिंदूसोबत काचबिंदूही असेल, तर ऑपरेशन कोणते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपून कापसाची वेचणी उरकत आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मोफत मोतीबिंदू शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. या शिबिरांमुळे असंख्य माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागली, यात शंका नाही. पण त्या रांगेत असेही काही रुग्ण असतात, ज्यांच्या एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असतात. त्यांच्या बाबतीत ‘मोतीबिंदू काढला, लेन्स टाकली’ एवढ्यावर काम भागत नाही. कधी कधी तर तेवढेच केल्याने पुढची वाट अडते. अशा रुग्णांसाठी कोणती ऑपरेशने आहेत, कोणते कोणाला लागू पडते आणि कुठे बिघडते, हे नातेवाइकांना आणि शिबिरे भरवणाऱ्या मंडळींना कळावे म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण अर्धवट माहितीने या विषयात नुकसानच जास्त होते.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम लेन्स बसवली की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते, आणि वाळलेली नस कोणत्याही ऑपरेशनने, लेसरने वा थेंबाने पुन्हा हिरवी होत नाही. काचबिंदूचे ऑपरेशन असते ते उरलेली नजर राखण्यासाठी. हा फरक ऑपरेशनच्या आधी रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगितला नाही, तर ‘ऑपरेशन करूनही दिसेना’ अशी तक्रार घेऊन ते परततात, डॉक्टरांवर रोष धरतात आणि दुसऱ्या डोळ्याला हात लावू देत नाहीत. खरे तर नस आधीच गेलेली असते. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, समोरचे बरेच दिवस दिसत राहते, म्हणून सगळा दोष मोतीबिंदूच्या माथी मारला जातो.

म्हणून पहिला मुद्दा तपासणीचा. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. पण दाब २१ च्या आत आला म्हणजे काचबिंदू नाही, असे मुळीच नाही. दाब दिवसभर वरखाली होतो, काहींची नस कमी दाबालाही खचते, आणि ज्यांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, पातळ असतो त्यांचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कॉर्नियाची जाडी सरासरी ५२० ते ५४० मायक्रॉन धरतात. ती ४८० भरली तर १८ या आकड्यावर निर्धास्त राहता येत नाही. दाबाइतकेच महत्त्वाचे नस पाहणे. नसेच्या मधला खळगा मोठा झाला आहे का, दोन डोळ्यांच्या खळग्यांत फरक आहे का, हे बघावे लागते. नसेच्या चकतीशी या खळग्याचे प्रमाण, म्हणजे कप-डिस्क गुणोत्तर, ०.७ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक, हे संशय घ्यायला पुरेसे आहे.

मोतीबिंदू इतका पिकलेला असेल की आत काहीच दिसत नाही, तेव्हाही हात टेकण्याचे कारण नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश एका डोळ्यावरून झटकन दुसऱ्या डोळ्यावर न्यावा, पुन्हा परत आणावा. ज्या डोळ्यावर प्रकाश पडताच बाहुली लहान व्हायच्या ऐवजी पसरते, त्या डोळ्याची नस दुसऱ्यापेक्षा जास्त खराब आहे असे समजावे. निव्वळ मोतीबिंदूने, तो कितीही पांढरा असला तरी, असे होत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा सारख्याच खराब असतील तर मात्र ही खूण फसवते. मग टॉर्च वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून प्रकाश कुठून येतो हे रुग्णाला ओळखता येते का ते पाहावे. एखाद्या दिशेचा प्रकाश त्याला कळत नसेल, तर ऑपरेशनच्या आधीच घरच्यांना बसवून सांगावे की नजर पूर्ण येणार नाही. या दोन्ही तपासण्यांना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत आणि खर्च फक्त टॉर्चच्या सेलचा.

यानंतरची तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते, आणि ऑपरेशनची निवड तर तिच्यावरच ठरते. ती म्हणजे गोनिओस्कोपी. डोळा थेंबाने बधिर करून आरशाची छोटी लेन्स कॉर्नियावर टेकवतात आणि डोळ्यातले पाणी जिथून बाहेर पडते तो कोन उघडा आहे की बंद, ते पाहतात. काचबिंदूच्या दोन मुख्य जाती या कोनावरून ठरतात. उघड्या कोनाच्या काचबिंदूत पाणी कोनातल्या जाळीपर्यंत, म्हणजे ज्या गाळणीतून ते बाहेर पडते तिथपर्यंत, पोहोचते, पण ठिबकच्या नळीत क्षार धरावा तशी जाळीच आतून तुंबलेली असते. बंद कोनाच्या काचबिंदूत जाळी मुळात बरी असते. बुबुळाचा पडदा पुढे सरकून तिच्यावर येऊन बसतो. आपल्या देशात ही दुसरी जात दुर्मीळ नाही. लहान डोळ्याच्या, प्लस नंबरचा चष्मा असलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांत ती जास्त आढळते.

बंद कोनात पडद्याला पुढे ढकलतो कोण? बहुतेक वेळा वयानुसार जाड होत गेलेले भिंगच. साधारण ४ मिलिमीटरहून जाड भिंग काढून जेमतेम १ मिलिमीटरची लेन्स बसवली की पुढची जागा मोकळी होते आणि पडदा मागे सरकतो. म्हणजे या रुग्णांत मोतीबिंदूचे ऑपरेशन हाच काचबिंदूवरचा उपचारही ठरतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले ४१९ रुग्ण होते, त्यांना मोतीबिंदू नव्हता. काहींचे स्वच्छ भिंगच काढले, काहींना लेसरने पडद्याला छिद्र पाडून थेंब दिले. भिंग काढलेल्यांचा दाब जास्त चांगला राहिला आणि थेंबही कमी लागले. जिथे स्वच्छ भिंग काढूनही फायदा होतो, तिथे मोतीबिंदू असताना थांबण्यात काही अर्थ नाही. मात्र कोन बरीच वर्षे बंद राहून पडदा जाळीला कायमचा चिकटला असेल, अर्ध्याहून जास्त घेर असा चिकटलेला असेल, तर नुसते भिंग काढून भागत नाही. चिकटलेला पडदा त्याच वेळी सोडवणे किंवा जोडीला दुसरे ऑपरेशन करणे भाग पडते.

इथेच शिबिरवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. कोन अरुंद असलेल्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे औषध घातले तर काही तासांनी दाब एकदम चढू शकतो. तोवर रुग्ण गावी पोहोचलेला असतो. रात्री ‘डोकं दुखस, उलट्या व्हतस’ म्हणून घरचे त्याला पित्ताची गोळी देतात, आणि सकाळपर्यंत नसेचे कायमचे नुकसान होऊन बसते. औषध घालण्यापूर्वी डोळ्याच्या कानशिलाकडच्या बाजूने टॉर्च आडवी धरावी. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडली तर कोन अरुंद असण्याचा संभव असतो. अशा रुग्णाला औषध न घालता आधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाठवावे.

उघड्या कोनाच्या काचबिंदूत गणित वेगळे आहे. नुसत्या फेकोने, म्हणजे यंत्राने लहान छेदातून मोतीबिंदू काढण्याच्या ऑपरेशनने, दाब साधारण २ ते ४ मिलिमीटरने उतरतो, आणि हा फायदाही काही वर्षांत ओसरू शकतो. काचबिंदू सुरुवातीचा असेल, एक-दोन प्रकारच्या थेंबांवर दाब ताब्यात असेल, फील्डच्या, म्हणजे कडेच्या नजरेच्या, तपासणीत नुकसान थोडे असेल, तर नुसते फेको करून थेंब चालू ठेवणे हा रास्त मार्ग आहे. तीन-तीन प्रकारचे थेंब घालूनही दाब ठरवलेल्या पातळीच्या वर राहत असेल किंवा नजर घटत असेल, तर नुसत्या फेकोवर विसंबू नये.

या दोन टोकांच्या मधल्या रुग्णांसाठी गेल्या काही वर्षांत लहान छेदाची नवी ऑपरेशने आली. फेकोच्याच छेदातून आत जाऊन, आरशाच्या लेन्समधून कोन पाहत, जाळीत बारीक स्टेंट बसवतात किंवा जाळीची पट्टी कापून पाण्याला वाट करून देतात. ‘आयस्टेंट’ला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली; आपल्याकडे स्टेंट महाग पडतात. जाळी कापायला खास पाते असते, आणि २५ गेजची साधी सुई टोकाशी वाकवूनही हे काम अनेक ठिकाणी होते, त्यात जास्तीचा खर्च जवळपास नाही. प्रोलीनचा दोरा गोल फिरवून पूर्ण घेराची जाळी उघडणारी गॅट ही पद्धतही आहे. तिच्यात पहिले काही दिवस डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त उतरते आणि धूसर दिसते, हे आधी सांगून ठेवावे. या सर्व पद्धतींत दाब साधारण पंधराच्या आसपास येतो. ज्याला दहा-बाराच हवा, त्याला त्या पुरत नाहीत. आणि नवे ते सगळे चांगलेच असते असेही नाही. सायपास नावाचा स्टेंट पाच वर्षांत कॉर्नियाच्या पेशी घटवतो असे दिसल्यावर कंपनीने तो २०१८ मध्ये बाजारातून परत घेतला. नवे उपकरण सुचवले गेले तर रुग्णाने एवढे जरूर विचारावे, ‘याचे पाच वर्षांचे निकाल काय आहेत?’

पुढे गेलेल्या काचबिंदूत आजही भरवशाचे ऑपरेशन ट्रॅबेक्युलेक्टॉमीच (थोडक्यात ट्रॅब), जे केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडले. मोतीबिंदूसोबत ते एकाच बैठकीत करता येते. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, म्हणजे कंजंक्टायव्हा, वरच्या बाजूने उचलतात. मायटोमायसिन-सी हे वण धरू न देणारे औषध ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात स्पंजवर घेऊन दोन-तीन मिनिटे ठेवतात आणि मग भरपूर सलाइनने धुतात. पांढऱ्या भिंतीत अर्ध्या जाडीची, साधारण ४ बाय ३ मिलिमीटरची झडप कापतात, तिच्याखाली बारीक छिद्र पाडतात, बुबुळाच्या पडद्याचा छोटा तुकडा काढतात, १०-० नायलॉनने झडप शिवतात आणि वरून कंजंक्टायव्हा पाणी झिरपणार नाही इतका घट्ट बंद करतात. पाणी झडपेखालून हळूहळू निघून वरच्या पापणीआड एक फुगवटा तयार होतो, त्याला ब्लेब म्हणतात. हा ब्लेब टिकला तर ऑपरेशन टिकले.

बिघाड होतो तो इथेच. टाके सैल पडले तर पाणी जास्त वाहते, दाब पाचच्या खाली जातो, डोळ्यातली पुढची जागा सपाट होते, मागच्या थरांत पाणी साचते. टाके घट्ट बसले तर दाब उतरतच नाही. म्हणून टाके मुद्दाम थोडे घट्ट घालायचे आणि पुढच्या आठवड्यांत दाब पाहून एकेक सोडायचा किंवा लेसरने तोडायचा, ही रीत सुरक्षित. ब्लेबचा खरा शत्रू म्हणजे जखम भरण्याची शरीराची ओढ. ती आवरायला स्टिरॉइडचा थेंब सुरुवातीला दर दोन तासांनी आणि नंतर कमी करत सहा ते आठ आठवडे चालवावा लागतो. फेको जोडीला केले की डोळ्यात दाह वाढतो, त्यामुळे एकत्र ऑपरेशनमध्ये दाब स्वतंत्र ट्रॅबपेक्षा थोडा कमी उतरतो. बदल्यात एक भूल, एक खर्च, एक मुक्काम वाचतो, आणि पहिल्या रात्री दाब उसळण्याचा धोका कमी होतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून येणाऱ्या माणसाला दोनदा बोलावणे सोपे नसते, हे लक्षात घेता एकत्र ऑपरेशनचे पारडे आपल्याकडे बरेचदा जड होते.

तरीही दाब फार चढलेला, नस शेवटच्या टप्प्यावर आणि मोतीबिंदू मात्र किरकोळ असेल, तर आधी ट्रॅब करून मोतीबिंदू नंतरसाठी ठेवणे बरे. ट्रॅबनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो हे खरे, पण तो काढण्यापूर्वी किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर थांबावे. नाहीतर फेकोच्या दाहाने ब्लेब बुजतो. अगदी थोडी नजर उरलेल्या डोळ्यात ऑपरेशननंतर तीही जाण्याचा धोका लहान असला तरी खरा आहे, आणि संमतिपत्रावर अंगठा घेण्याआधी तो रुग्णाच्या भाषेत बोलून दाखवला पाहिजे.

आधीच्या ऑपरेशनने कंजंक्टायव्हा चिकटला असेल किंवा ट्रॅब फसले असेल, तर डोळ्यात बारीक नळी बसवून पाणी बाहेर नेणारे ऑपरेशन उरते. त्यासाठीचे अहमद व्हॉल्व्ह हे उपकरण डॉक्टरांना माहीत आहे. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेले आडी हे उपकरण त्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. त्याची पट्टी ३५० चौरस मिलिमीटरची असते, पण त्यात व्हॉल्व्ह नसतो. म्हणून नळी ६-० व्हिक्रिलने बांधून ठेवतात. हा दोरा पाच-सहा आठवड्यांत विरतो, तोवर काचबिंदूचे थेंब चालूच ठेवायचे आणि दोरा विरण्याच्या सुमारास न चुकता तपासणीला यायचे, कारण तेव्हा दाब एकाएकी कोसळू शकतो.

आता आमच्या पत्रामागचे मुख्य कारण. शिबिरांतून फेको यंत्राविना होणारे मोतीबिंदूचे बिनटाक्याचे ऑपरेशन बहुधा डोळ्याच्या वरच्या बाजूने करतात, म्हणजे कंजंक्टायव्हा तिथेच कापला जातो आणि जखम भरताना खालच्या भिंतीला चिकटतो. पुढे कधी ट्रॅब लागलेच तर त्यासाठी नेमकी हीच जागा हवी असते, आणि वण पडलेल्या जागी ब्लेब धरत नाही. म्हणजे मोतीबिंदू छान निघाला, पण काचबिंदूच्या सर्वांत भरवशाच्या ऑपरेशनची जागा कायमची गेली. ज्या रुग्णाला काचबिंदू आहे किंवा त्याचा दाट संशय आहे, त्याचा मोतीबिंदू कानशिलाच्या बाजूने, शक्यतो कॉर्नियातून छेद घेऊन काढावा. फेकोची सोय नसेल तर बिनटाक्याचे ऑपरेशनही कानशिलाच्या बाजूने करता येते. डॉक्टरांना बसायची जागा बदलावी लागते, हाताला सवय करावी लागते, बाकी जास्तीचा खर्च काही नाही. शिबिराच्या घाईत ही एक गोष्ट पाळली गेली तर कितीतरी डोळ्यांची पुढची सोय राहील, असे आम्हाला मनापासून वाटते.

काचबिंदूच्या डोळ्यात मोतीबिंदू काढताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. डोळ्याच्या गोळ्याभोवती पाच-सहा मिलिलिटर औषधाची भूल देऊन वर चेंडूने दाबत ठेवणे वाळत चाललेल्या नसेला मानवत नाही; थेंबाची भूल किंवा डोळ्याच्या आवरणाखाली थोडे औषध सोडून दिलेली सब-टेनन भूल बरी. फेको यंत्राची बाटली शक्य तितकी खाली ठेवावी. पिलोकार्पिनचे थेंब बरीच वर्षे घातलेल्यांची बाहुली मोठी होत नाही, मग हूक किंवा रिंग तयार लागते. बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा पदार्थ दिसला तर भिंगाचे धागे कमजोर आहेत असे धरून चालावे आणि भिंगाच्या पिशवीला आधार देणारी कॅप्सूलची रिंग हाताशी ठेवावी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर ते आधी सांगा. त्याने बुबुळाचा पडदा लुळा पडून ऑपरेशन अवघड होते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती मनाने बंद करू नका.

ऑपरेशनमध्ये वापरलेले चिकट जेल लेन्सच्या मागे थोडे जरी राहिले तरी जाळी तुंबते आणि पुढच्या तीन ते सात तासांत दाब तीस-चाळीसवर जाऊ शकतो. निरोगी नस हे सोसते, काचबिंदूची नस सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासेपर्यंत दाब बहुधा उतरलेला असतो, त्यामुळे घाव कधी पडला ते कुणालाच कळत नाही. लेन्सच्या मागून जेल नीट धुऊन काढणे आणि त्याच संध्याकाळी दाब मोजणे, हा त्यावरचा उपाय. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा आजार नसेल तर ॲसिटाझोलामाइडची २५० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टर देतात. दुपारी ऑपरेशन करून संध्याकाळच्या गाडीने गावी सोडण्याची पद्धत काचबिंदूच्या रुग्णासाठी बंद व्हायला हवी.

दाबाची दुसरी चढती दोन-तीन आठवड्यांनी येते आणि ती स्टिरॉइडच्या थेंबांची असते. काचबिंदूच्या रुग्णांत ही प्रतिक्रिया इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दाब मोजायला यावेच. संपलेली बाटली दाखवून मेडिकलमधून तीच पुन्हा आणण्याची सवय फार घातक आहे. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून मुलांच्या डोळ्यांत महिनोन्महिने असेच थेंब घातले जातात आणि शाळकरी वयात काचबिंदू होतो, याकडेही औषध विक्रेत्यांनी लक्ष द्यावे.

लेन्सबद्दल थोडक्यात. जवळचे-लांबचे दोन्ही चष्म्याविना दाखवणारी मल्टिफोकल लेन्स प्रकाश वाटून देते आणि फिकट-गडद ओळखण्याची ताकद कमी करते. काचबिंदूत ती ताकद आधीच घटलेली असते. साधी मोनोफोकल लेन्सच घ्यावी, महाग ती चांगली हा हिशेब इथे चालत नाही. ट्रॅब जोडीला असेल तर चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला दोन-तीन महिने लागतात. त्याच सुमारास फील्ड आणि ओसीटी, म्हणजे नसेचा स्कॅन, नव्याने करून घ्यावेत. मोतीबिंदूमुळे आधीचे दोन्ही अहवाल खऱ्यापेक्षा वाईट आलेले असतात, आणि पुढची तुलना या नव्या कागदाशी व्हायला हवी.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला गावोगाव अजून ऐकू येतो. कापूस निघू द्या, लग्नसराई उरकू द्या, असे करत भिंग फुगते किंवा त्यातला द्रव बाहेर झिरपतो आणि डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. डोळा लाल, असह्य ठणका, निम्मे डोके दुखणे, उलट्या, कॉर्निया धुरकट, असे दिसले की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. २० टक्के मॅनिटॉल शिरेतून देऊन दाब उतरवतात आणि लवकरात लवकर मोतीबिंदू काढतात. दुखणे थोड्या दिवसांचे असेल तर बहुधा वेगळे काचबिंदूचे ऑपरेशन लागत नाही. दोन-तीन आठवडे अंगावर काढले तर जाळी कायमची बिघडते आणि नजरही जाते. रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आला तर पुढे पाठवण्यापूर्वी तिथेच, हृदय आणि किडनीची चौकशी करून, दाब उतरवण्याचे औषध सुरू करावे. रस्त्यात जाणारे तीन-चार तास त्याने वाचतात.

ऑपरेशन निवडताना आम्ही एक प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा मानतो. रुग्ण परत येऊ शकेल का? ट्रॅबनंतर पहिला दिवस, पहिला आठवडा, मग महिना-दीड महिना जवळजवळ दर आठवड्याला तपासणी लागते. टाके वेळेवर सोडणे, ब्लेब बुजू लागला तर सुईने मोकळा करणे, हे सगळे याच काळात होते. ज्याच्या गावाहून दिवसाला एकच एसटी सुटते, सोबतीला कोणी नाही, त्याला उत्तम ट्रॅब करून महिनाभर गायब होऊ देणे म्हणजे ऑपरेशन वाया घालवणे. अशा रुग्णाचे धुळे, जळगाव, नंदुरबार किंवा जिथे ऑपरेशन होईल तिथे नातलगाकडे सहा आठवडे राहणे जमते का, हे आधी पाहावे. जमत नसेल आणि नस फार खराब नसेल, तर फेकोसोबत जाळी उघडण्याचे ऑपरेशन त्याला जास्त झेपेल. खर्चाचे म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

ब्लेब असलेल्या डोळ्याची काळजी जन्मभराची. विहिरीत, तापीत किंवा कालव्यात बुडी मारू नये, डोळा चोळू नये, सरकीची धूळ उडत असेल तिथे बंद चष्मा घालावा, पहिले दीड महिना केळीचा घड किंवा पाण्याचा हंडा उचलू नये. डोळा लाल झाला, चिपडे आली, दुखू लागला, धूसर झाला, तर ऑपरेशनला दहा वर्षे झालेली असोत, त्याच दिवशी दाखवावे. ब्लेबमधून जंतू आत गेले तर डोळा एक-दोन दिवसांत जातो.

थेंब लागत असतील तर एका वेळी एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. दुसऱ्या बाटलीसाठी पाच मिनिटे थांबावे. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉल घालू नये. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि उघडल्यावरही २५ अंशांच्या वर नको. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे कोनाड्यातल्या बाटलीचा भरवसा नाही. फ्रिज नसेल तर बाटली डबीत घालून माठाला टेकवून सावलीत ठेवावी, आणि फ्रिजशिवाय टिकणारा पर्याय डॉक्टरांकडून मागून घ्यावा.

शिबिरे भरवणाऱ्या संस्था, मंडळे आणि ग्रामपंचायतींना आमची विनंती अशी की, रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर चार नोंदींच्या जागा असल्याशिवाय त्याला गाडीत बसवू नये: दोन्ही डोळ्यांचा दाब, नसेचा खळगा, कोन उघडा की बंद, आणि घरात आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू आहे का. पहिल्या तीन नोंदी गावात करता येत नसतील तर त्या जागा कोऱ्या ठेवाव्यात, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला त्या भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चौथी नोंद आशाताई घरी बसूनही घेऊ शकतात. त्या उत्तरात ‘हो’ आले, तर त्या घरातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनाच त्याच गाडीतून तपासणीला आणावे.

आपले,
खान्देशातील काही नेत्रशल्यचिकित्सक